मधुसूदन दास : एका समाजाचे वकीलपत्र



२८ एप्रिल हा दिवस ओडिशात ‘वकील दिन’ म्हणून पाळला जातो. १८४८ साली याच दिवशी कटक जिल्ह्यातील सत्यभामापूर या गावी मधुसूदन दास यांचा जन्म झाला. न्यायालयात नाव आणि पैसा मिळविलेले वकील प्रत्येक प्रांतात होऊन गेले आहेत. तथापि त्या व्यवसायाने आपला दिवस एखाद्याच्या जन्मतिथीशी जोडावा, असे भाग्य क्वचितच कोणाला लाभते.

‘वकील’ हा शब्द मूळचा अरबी. जुन्या दरबारांत वकील म्हणजे धन्याच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी. ज्याला स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही, त्याच्यासाठी उभे राहणे हा या शब्दाचा गाभा आहे. मधुसूदनांनी तो अखेरपर्यंत जपला.

कलकत्ता विद्यापीठाची एम. ए. आणि कायद्याची पदवी मिळविणारे ते पहिले ओडिया गृहस्थ. १८८१ साली ते कटकला परतले आणि तेथेच त्यांनी वकिली मांडली. लोक त्यांना ‘मधुबाबू’ म्हणू लागले. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. अशा माणसाकडे लवकरच एक विलक्षण प्रकरण आले. पुरीचे राजे दिव्यसिंह देव यांना १८७८ मध्ये खुनाच्या आरोपावरून काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यांचा पुत्र मुकुंद देव अज्ञान होता. ही संधी साधून जगन्नाथ मंदिराची व्यवस्था राजघराण्याकडून काढून घेण्याचा सरकारने प्रयत्न केला. बालराजाची आजी राणी सूर्यमणी हिने मधुसूदनांना वकीलपत्र दिले आणि कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात निकाल तिच्या बाजूने लागला. ज्या मंदिरात ख्रिस्ती माणसाला प्रवेश नाही, त्या मंदिराचा परंपरागत हक्क एका ख्रिस्ती वकिलाने राखला. अशिलाचा न्याय्य हक्क हाच वकिलाचा विषय, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

परंतु मधुसूदनांचा सर्वांत मोठा अशील कोणत्याही दाव्याच्या कागदावर नव्हता. त्या काळी ओडिया भाषिक बंगाल, मद्रास आणि मध्य प्रांत अशा निरनिराळ्या राजवटींत विखुरलेले होते. प्रत्येक ठिकाणी ते अल्पसंख्य ठरत, आणि शाळा, कचेरी व नोकरी यांत दुसऱ्याच भाषेचे वर्चस्व असे. मध्य प्रांतातील संबळपूरमध्ये १८९६ पासून कचेऱ्यांतून ओडिया हटवून हिंदी आणली गेली. आपल्याच गावच्या न्यायालयात आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे माणसाला वाचता येऊ नये, ही स्थिती कोणत्याही वकिलाला अस्वस्थ करणारी होती. लोकांच्या चळवळीनंतर १९०३ मध्ये तेथे ओडिया पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात कटक येथे उत्कल संमिलनीचे पहिले अधिवेशन भरले. तिच्या स्थापनेमागे मधुसूदनांचा पुढाकार होता. विखुरलेल्या ओडिया मुलखाचे एकत्रीकरण ही तिची मुख्य मागणी होती.

केवळ अर्ज-विनंत्यांनी समाज उभा राहत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. कटकचे चांदीच्या तारेचे नाजूक काम प्रसिद्ध आहे. त्या कारागिरांसाठी त्यांनी १८९७ मध्ये कारखाना काढला, तर १९०५ मध्ये कातडी कमावण्याचा व जोडे बनविण्याचा ‘उत्कल टॅनरी’ हा उद्योग सुरू केला. चामड्याला हात लावणे विटाळाचे मानले जात असता एका नामवंत वकिलाने हा धंदा काढावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वकिलीची कमाई या उद्योगात ओतली गेली, कर्ज वाढत गेले आणि उतारवयात दिवाळखोरीची पाळी आली. व्यवहारदृष्ट्या हे अपयशच होय. मात्र ते परक्याच्या पैशावर केलेल्या प्रयोगाचे अपयश नव्हते. श्रमाला प्रतिष्ठा देण्याच्या या प्रयत्नाची गांधीजींनी आदराने दखल घेतली.

१९२१ साली ते बिहार-ओरिसा प्रांतात स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले. नगरपालिका व जिल्हा मंडळे यांचे सभासद विनावेतन काम करीत असता त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंत्र्याने वेतन घेऊ नये, आणि चरितार्थासाठी त्याला वकिली करू द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते मानले नाही, तेव्हा १९२३ मध्ये त्यांनी पदत्याग केला.

स्त्रियांना वकिली करू द्यावी, या मागणीलाही त्यांनी बळ दिले. त्यांच्या पालकत्वाखाली वाढलेल्या सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयाने १९२१ मध्ये, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, फेटाळला. पण प्रश्न तेथे संपला नाही. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना हा व्यवसाय मोकळा झाला.

मधुसूदनांचे सर्वच निर्णय लोकांना रुचले नाहीत. सनदशीर मार्गावर त्यांचा अढळ विश्वास होता. असहकाराच्या लाटेत उत्कल संमिलनीने चक्रधरपूरच्या अधिवेशनात काँग्रेसचे ध्येय स्वीकारले, तेव्हा स्वतः वाढविलेल्या संस्थेपासून ते दुरावले. तरुण पिढी गोपबंधू दास यांच्यामागे गेली. हा विरह त्यांनी सोसला, पण मत बदलले नाही.

४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचा देहान्त झाला. १ एप्रिल १९३६ रोजी ओरिसा हा स्वतंत्र प्रांत अस्तित्वात आला. ज्या दाव्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याचा निकाल ऐकायला वकील हयात नव्हता. आज कटकच्या विधी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तेथून सनद घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना शहरोशहरी भरपूर शुल्क देणारे अशील मिळतील. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही आणि ज्याची भाषा कचेरीला कळत नाही, असा अशीलही त्यांच्या दाराशी येईल. त्याचे वकीलपत्र कोण घेतो, यावरच मधुबाबूंची स्मृती कितपत जिवंत आहे ते ठरेल.