सर्व्हरच्या पोटातला राखणदार



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला आणि सांगलीत येणे वा सांगलीतून बाहेर पडणे दुरापास्त झाले. माणसे, जनावरे आणि धान्य यांच्या चिंतेपुढे संगणकाची चिंता अशा वेळी कोणी करीत नाही, आणि करूही नये. परंतु पूर ओसरल्यावर ज्यांच्यावाचून जनजीवनाची घडी पुन्हा बसत नाही, त्यांत सहकारी बँकेची खाती, रुग्णालयातील नोंदी, साखर कारखान्यातील ऊसबिलांचा हिशेब हेही असतात. आणि आज हे सारे कोठल्या तरी खोलीत अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरमध्ये साठविलेले असते. कल्पना करा, पाणी तळमजल्याच्या उंबरठ्याशी आले आहे, कुलूपबंद इमारतीत बॅटरीवर सर्व्हर चालू आहे आणि जबाबदार कर्मचारी साताऱ्यात अडकला आहे. सर्व्हर व्यवस्थित चालत असेल, तर तो दुरूनही बंद करता येईल. पण तोच मध्येच अडकून निपचित पडला असेल तर?

या प्रश्नाचे उत्तर सर्व्हरच्या पोटातच असते. बहुतेक सर्व्हरांच्या मुख्य बोर्डावर नखाएवढ्या चिपमध्ये दुसरा एक स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्याला म्हणतात बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी. (मुंबईकराला या तीन अक्षरांनी महापालिका आठवते, त्याला इलाज नाही!) या चिमुकल्या संगणकाची स्मृती वेगळी, बहुधा जाळ्याची जोडणीही वेगळी. मोठा सर्व्हर बंद असला, तरी भिंतीतल्या विजेवर हा जागाच असतो. तो तापमान मोजतो, पंख्यांची गती ठरवितो, वीजदाब तपासतो. दूरच्या माणसाला तो सर्व्हरचा पडदा जसाच्या तसा दाखवितो, त्याचा कळफलक तेथवर पोहोचवितो, सर्व्हर बंद करतो, पुन्हा चालू करतो, नवी प्रणालीही उतरवून घेतो. दूरसंचार यंत्रणा तग धरून असेल, तर साताऱ्यात अडकलेला कर्मचारी याच राखणदाराला हाक मारून सांगलीचे यंत्र सुखरूप बंद करू शकतो.

परंतु ज्याच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या, तो राखणदार कोणाचे ऐकतो, हे पाहिले पाहिजे. बीएमसी ज्याच्या ताब्यात गेला, त्याच्या ताब्यात सर्व्हर गेला. मग वरच्या प्रणालीवर कितीही पहारे बसवा. डिसेंबर २०२१ मध्ये इराणमधील संशोधकांनी एक घातक आज्ञावली उजेडात आणली. ती एका नामांकित कंपनीच्या सर्व्हरमधील याच नियंत्रकात दडून बसत असे आणि सर्व्हरवरील माहिती पुसून टाकीत असे. तिची लबाडी मोठी विलक्षण होती. कोणी फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये कोरलेली आज्ञावली, नवी करू लागला, की ती नवी केल्याचे नाटक करी, पडद्यावर नव्या आवृत्तीचा क्रमांकही दाखवी. प्रत्यक्षात आत जुनेच ठेवी. ती ओळखू येण्याची एक खूण म्हणजे प्रवेशाचा पडदा नव्या आवृत्तीसारखा दिसत नव्हता, एवढीच!

हे घडू शकते याचे कारण असे, की बहुतेक सर्व्हरांतील हे फर्मवेअर बंदिस्त असते. आत काय लिहिले आहे, हे विकत घेणाऱ्याला पाहता येत नाही; पाहता येत नाही म्हणून तपासता येत नाही आणि तपासता येत नाही म्हणून दुरुस्तही करता येत नाही. लाइटटीपीडी हा वेबसर्व्हर मुक्तस्रोत आहे. अनेक बीएमसींच्या आत तो वापरलेला असतो. त्यातील एक दोष त्याच्या कर्त्यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये काढून टाकला. मात्र तो सुरक्षेशी निगडित असल्याची दवंडी पिटली नाही. परिणामी फर्मवेअर पुरविणाऱ्या एका मोठ्या कंपनीला त्याचा पत्ताच लागला नाही. तिच्या फर्मवेअरमध्ये तो दोष वर्षानुवर्षे तसाच राहिला आणि त्या फर्मवेअरसह इंटेल, लेनोव्हो यांचे सर्व्हर विकले गेले. एप्रिल २०२४ मध्ये संशोधकांनी ही गोष्ट उघड केली, तेव्हा या दोन्ही कंपन्यांचे उत्तर असे होते, की संबंधित यंत्रांचा आधारकाल संपला आहे, आता दुरुस्ती मिळणार नाही. दोष ठाऊक, औषध सहा वर्षांपूर्वीच तयार, आणि तरीही रोगी तसाच! कारण औषध देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याला आता त्या रोग्यात स्वारस्य उरलेले नाही. मोठ्या शहरांतल्या धनाढ्य कंपन्या चार-पाच वर्षांत सर्व्हर बदलतात. तालुक्याच्या गावची पतसंस्था तसे करू शकत नाही. ती तो चालेल तोवर वापरते. आधारकाल संपल्याचा फटका बसतो तो अशांनाच.

सातारा-सांगलीच्या मातीला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला, त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. ती हळूहळू गेली. पण नांगर टिकला तो केवळ समजूत गेली म्हणून नव्हे. फाळ झिजणारच, झिजलेला फाळ काढून नवा बसविता येणे आणि तो जवळपास मिळणे, यावर नांगराचे आयुष्य अवलंबून असते. साताऱ्याच्या कूपर कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडली, त्यांचीही गोष्ट तीच. नदीकाठी पाणी उपसणारे इंजिन कारखान्याच्या माणसाची वाट पाहत थांबत नसे. गावातला मिस्त्री ते खोलून दुरुस्त करी. इंजिनात त्याच्यापासून लपविलेले काही नव्हते. आजच्या सर्व्हरपाशी मात्र तोच मिस्त्री, हाती पदवी असूनही, हात बांधून उभा राहतो.

हे बांधलेले हात सोडविण्याचा प्रयत्न म्हणजे ओपनबीएमसी. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. २०१४ साली फेसबुकमध्ये एका दिवसाच्या उपक्रमात चार अभियंत्यांनी २४ तासांत लिनक्सवर आधारित बीएमसी आज्ञावलीचा नमुना तयार केला. पुढच्याच वर्षी तो सर्वांसाठी खुला झाला. आयबीएमनेही त्याच सुमारास आपली वेगळी वाट चोखाळली. मार्च २०१८ मध्ये फेसबुक, गूगल, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या पाच जणांनी हे कार्य लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एकत्र आणले. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पाच कंपन्यांना या एका गोष्टीत एकत्र यावेसे वाटले, याचे कारण परोपकार नव्हे. हजारो सर्व्हर चालविणाऱ्याला परक्याच्या बंदिस्त फर्मवेअरवर विसंबणे परवडत नाही, हा रोकडा हिशेब त्यामागे होता.

नमुना २४ तासांत झाला खरा. सांभाळ मात्र आजतागायत चालू आहे, आणि या विषयातील खरी कठीण बाजू तीच आहे. तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीच्या चिप बहुतेक ठिकाणी वापरल्या जातात. सगळी प्रणाली, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेबसर्व्हर आणि पंख्यांचे नियंत्रण, पुष्कळ बोर्डांवर अवघ्या ३२ मेगाबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीत बसवावी लागते. आरंभी काही भाग पायथन भाषेत लिहिले होते. ते जागा फार घेत आणि सुरू व्हायला वेळ लावीत, म्हणून सी प्लस प्लसमध्ये पुन्हा लिहावे लागले. प्रत्येक नव्या बोर्डावर कोणता पंखा कोणत्या तारेवर, कोणता तापमापक कोठे, याचे वर्णन करणारी फाइल लिहावी लागते. ती चुकली, तर पंखा फिरत असतो आणि नियंत्रकाला तो दिसतच नाही! म्हणूनच तापमानाचा भरवसा देता येईनासा झाला, की पंखे पूर्ण वेगाने सोडून द्यावेत, असा सुज्ञ दंडक आहे. कानठळ्या बसतात, पण यंत्र वाचते.

आणि लिनक्सचा गाभा तर स्थिर राहत नाही. दर दोन-अडीच महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. ज्याने आपल्या बोर्डापुरत्या सुधारणा स्वतःपाशीच ठेवल्या, त्याला प्रत्येक वेळी त्या नव्या गाभ्यावर पुन्हा चढवाव्या लागतात. दोन-तीन वर्षांत तो थकतो आणि जुन्याच आवृत्तीवर थांबतो. ज्याने त्या मूळ प्रकल्पाकडे पाठविल्या, परीक्षकांची बोलणी खाल्ली, चार वेळा दुरुस्त करून दिल्या, त्याचे ओझे पुढे सर्वांनी मिळून वाहिले जाते. आरंभी वेळखाऊ वाटणारा हा मार्गच अंती स्वस्त पडतो, असा या क्षेत्रातील जाणत्यांचा अनुभव आहे.

मुक्तस्रोत म्हणजे निर्दोष, असे मात्र कोणी मानू नये. ओपनबीएमसीच्याच २.९ या आवृत्तीत पासवर्डाचा अडसर चुकवून पूर्ण ताबा मिळविता येईल असा गंभीर दोष निघाला होता. फरक एवढाच, की तेथे दोष कोणत्या ओळीत आहे हे जगाला दिसते आणि ज्याचे यंत्र आहे, त्याला ती ओळ बदलता येते, मग विक्रेत्याने आधार काढून घेतलेला का असेना. बंदिस्त फर्मवेअरच्या बाबतीत जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने असाच एक अत्यंत गंभीर दोष प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असल्याच्या यादीत घातला. अर्थात फर्मवेअर कोणतेही असो, बीएमसीची जोडणी थेट माहितीजालावर उघडी ठेवणे म्हणजे राखणदाराला वेशीबाहेर झोपविणे होय. ही चूक आपल्याकडे सर्रास होते आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही.

भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. पुण्याच्या सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर देशात रचला आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील परम रुद्र महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण बोर्ड आपला झाला, की त्यातल्या राखणदाराची आज्ञावली कोणाची आणि ती दहा वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्नही आपलाच होतो. त्यासाठी माणसे लागतील. सांगलीला १९४७ साली सुरू झालेले आणि पुढे वालचंदांचे नाव लाभलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे लिनक्सप्रेमी विद्यार्थ्यांचा गटही आहे. कराडला १९६० पासूनचे शासकीय महाविद्यालय आहे. या कामाला महागडा सर्व्हर असलाच पाहिजे असे नाही. क्यूईएमयू या मुक्त साधनावर साध्या संगणकातच बीएमसीचा आभास उभा करून प्रणाली चालविता येते. अडचण साधनांची नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मे महिन्यात संपतो, गुण मिळतात, विद्यार्थी पुण्याला किंवा बंगळुरूला जातो आणि त्याने लिहिलेला भाग पोरका होतो. अशा कामाला महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकाने वा प्रयोगशाळेने आपले नाव द्यावे, एका तुकडीने दुसरीच्या हाती ते सोपवावे, तरच ते तगेल.

ओपनबीएमसीच्या प्रत्येक उपप्रकल्पात एक लहानशी फाइल असते. त्या भागाची जबाबदारी कोणाची, त्यांची नावे तिच्यात लिहिलेली असतात. आलेली प्रत्येक सुधारणा त्यांनी वाचायची, तपासायची आणि मगच स्वीकारायची. ज्या बोर्डांना असा सांभाळणारा उरला नाही, त्यांतले काही प्रकल्पातून काढून टाकण्यात आले. ते सर्व्हर मात्र कोठे तरी अजून चालू असतील.