बाद झालेला गडी परत आत आला पाहिजे

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



 मी काही वक्ता नाही. गिरणीच्या रिंग खात्यात तीस वर्षे काढलेला, सातवीनंतर रात्रशाळेत आणि वाचनालयात जे मिळालं ते शिकलेला मी कामगार माणूस. आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. गिरणी चालू होती तेव्हाही पहिली पाळी सुटली की मी विहारामागच्या कबड्डीच्या मैदानावर असायचो, आजही असतो. म्हणून आज बोलणार आहे ते मैदानावरचंच.

बंधूंनो, आपल्या घरातला मुलगा अठरा वर्षांचा झाला की आपण काय करतो? पेढे वाटतो, मतदार यादीत नाव घालतो. पण रात्री तो त्याच घरात जेवतो, त्याच ठिकाणी झोपतो. बालगृहात वाढलेल्या मुलाचं तसं नसतं. अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो बालक राहत नाही. एक पेटी, दोन जोड कपडे आणि कागदांची पिशवी घेऊन तो रस्त्यावर येतो. कालपर्यंत घंटेवर जेवण, घंटेवर झोप. आज भाड्याची खोली कशी बघायची, बँकेत स्लिप कशी भरायची, ताप आला तर कुणाला सांगायचं, काहीच ठाऊक नसतं.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत मिळू शकते, अपवाद म्हणून २३ पर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपये धरलेले आहेत. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. पण कागद आहे म्हणून ताट वाढलं जात नाही. अर्ज कुठे करायचा हे सांगणारा माणूस लागतो, आणि अर्ज करून आल्यावर "काय झालं रे?" असं विचारणाराही माणूस लागतो. तो माणूस सरकार कुठून आणणार? तो वस्तीनेच द्यायचा असतो.

आता मी माझी एक चूक सांगतो. २०१९ च्या पावसाळ्यात एक मुलगा रात्री आपल्या विहाराच्या पायरीवर झोपायचा. मी त्याला दोनदा हुसकावलं. वाटलं, कुणी गर्दुल्ला असेल. तिसऱ्या दिवशी तो मैदानाच्या कडेला उभा राहून सराव बघत होता. आमच्यात एक गडी कमी होता, पोरांनी त्याला हाक मारली. डाव्या कोपऱ्यात उभा राहिला आणि आमच्या सगळ्यात चपळ चढाईपटूचा घोटा त्याने असा धरला की सगळे बघत राहिले. तेव्हा चौकशी केली. बालगृहातून बाहेर पडून तीन महिने झाले होते. दिवसा चहाच्या टपरीवर काम, रात्री जागा मिळेल तिथे झोप.

तो रोज येऊ लागला. दोन महिन्यांत पोराचा चेहरा बदलला. अंग दमायचं म्हणून झोप लागायची. संध्याकाळी मैदानावर जायचं आहे म्हणून टपरीवरच्या टोळक्यात बसणं सुटलं. पोरांच्या ओळखीने राहायला खोलीत वाटा मिळाला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एक दिवस तो आला नाही तर सहा जण विचारायचे, "कुठे होतास?" आयुष्यात हजेरी त्याची रोज घेतली गेली होती, पण वाट कुणी पाहिली नव्हती.

मग आमची स्पर्धा झाली. माईक माझ्या हातात. मी मोठ्या प्रेमाने जाहीर केलं, "हा मुलगा अनाथ असूनही किती छान खेळतो बघा!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून तो गायब. अकरा दिवसांनी मी त्याला शोधून काढला. तो म्हणाला, "काका, बाकीच्या सहा जणांचे आई-बाप कोण, हे तुम्ही माईकवर सांगितलं होतं का?" मी गप्प झालो. हात जोडून त्याची माफी मागितली. त्याची जर्सी पोरांनी धुऊन ठेवली होती, दुसऱ्या कुणाला घालू दिली नव्हती. त्या जर्सीमुळे तो परत आला, माझ्यामुळे नाही. आज तो कुरिअरच्या कामावर आहे आणि रविवारी लहान मुलांना पकड शिकवतो. त्याला आवडणार नाही म्हणून नाव घेत नाही.

पण दुसरा मुलगा आपण गमावला. तोही असाच बालगृहातून आलेला, उत्तम चढाईपटू. २०२२ मध्ये त्याचा गुडघा दुखावला. विमा नव्हता. पहिले चार दिवस पोरं भेटायला गेली, मग सराव सुरू झाला, सामने आले. तो खेळत नव्हता म्हणून दिसत नव्हता, आणि दिसत नव्हता म्हणून आपण विसरलो. महिन्याने गेलो तर खोली रिकामी, फोन बंद. आजही तो कुठे आहे हे मला माहीत नाही. मित्रहो, हे माझ्या मनातून जात नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. भगवंतांनी विचारलं, तुझी सेवा कुणी का करत नाही? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी स्वतःच्या हाताने त्याला धुतलं, मंचकावर निजवलं. मग संघ जमवून सांगितलं की इथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? गुडघा दुखावलेला पोरगाही आपल्या उपयोगाचा राहिला नव्हता, एवढाच त्याचा दोष होता.

खेळ हे काही रिकामटेकड्यांचं काम नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं, तसंच मुंबईत वाचनालय आणि हॉकी क्लबही चालवला. तरुण पोरं जुगार-दारूकडे वळू नयेत हा त्यामागचा विचार. राहायला जागा, वाचायला पुस्तक आणि खेळायला मैदान, तिन्ही एकाच चळवळीत होतं. आपण मैदान तेवढं करंडकासाठी ठेवलं.

कबड्डीचे जुने प्रकार वडीलधाऱ्यांना आठवत असतील. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. संजीवनीत तसं नाही. आपल्या संघाने समोरचा एक गडी टिपला की आपला बाहेर बसलेला गडी उठून आत येतो. आज टीव्हीवर आपण बघतो ती कबड्डीही याच नियमाची. बाहेर बसलेला स्वतःच्या जोरावर कधीच आत येऊ शकत नाही, त्याला आतल्यांनीच उठवावं लागतं. समाज या मुलांशी गामिनी खेळतो. विहाराने तरी संजीवनी खेळावी.

म्हणून वर्धापनदिनी माझ्या काही मागण्या आहेत. जवळच्या बालगृहाच्या अधीक्षकांना आपण भेटावं आणि रीतसर परवानगीने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आतापासूनच सरावाला आणावं. म्हणजे अठराव्या वाढदिवशी ती अनोळखी रस्त्यावर येणार नाहीत. त्यांचा वेगळा संघ काढू नये, आपल्या पोरांमध्येच त्यांना मिसळावं. माईकवर, बॅनरवर कुणाचं अनाथपण सांगू नये. मुलींच्या सरावाची वेळ ठरवावी आणि महिला मंडळाच्या दोन भगिनी तिथे हजर असाव्यात. कुठल्याही मुलाबरोबर मोठा माणूस एकटा राहणार नाही, हा नियम मलाही लागू असावा.

स्पर्धेच्या वर्गणीतून आधी प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा काढावा, करंडक त्यानंतर. जो खेळू शकत नाही त्याला गुण लिहायला, लहानांना शिकवायला बसवावं. तेही जमत नसेल तर आठवड्यातून एकदा त्याच्या खोलीवर जावं. आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात त्यांच्याबरोबर जाऊन अनाथ प्रमाणपत्राचे, अनुरक्षणाचे अर्ज भरून द्यावेत.

शेवटची मागणी माता-भगिनींकडे. रविवारच्या सरावानंतर एका मुलाला आपल्या घरी जेवायला बोलवा. उपकार म्हणून नको. जेवण झाल्यावर त्याला त्याचं ताट घासायला सांगा, जसं आपल्या पोराला सांगता. त्यालाही मग ते घर परकं वाटणार नाही.

खेळाने घर मिळत नाही, नोकरी मिळत नाही, हे मला कळतं. पण संध्याकाळी आपली कुणीतरी वाट बघतंय एवढं मिळतं, आणि त्यावर उभं राहून पोरं बाकीचं मिळवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला आपण गमावलं तो कुणाला कुठे भेटला तर एवढंच सांगा, तुझी जर्सी ठेवली आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!