पाळण्याआधीचा संकल्प

(नवविवाहित दांपत्यांच्या एका कुटुंब मेळाव्यात एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



संयोजकांनी मला 'सुदृढ बालक' हा विषय दिला. गर्भवतीचा आहार, तिची विश्रांती, तिच्या तपासण्या यांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. सूनबाईला दिवस गेले की सारे घर जागे होते. डिंकाचे लाडू होतात, डोहाळजेवण होते, जड उचलू नकोस म्हणून दहा माणसे सांगतात. मला आज बोलायचे आहे ते त्याच्याही आधीच्या काळाविषयी, जेव्हा घर अजून झोपलेले असते. आणि त्या काळात घरातल्या ज्या एका पदार्थाकडे आपण सोयीस्करपणे दुर्लक्ष करतो त्याविषयी. तो पदार्थ म्हणजे तंबाखू.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या. लग्नाला तीन वर्षे झाली होती. सुनेच्या हातात जाडजूड फाईल होती. तिच्या रक्ताच्या साऱ्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे असे सगळे झाले होते. सोळा सोमवारही झाले होते. मी फाईल चाळली आणि विचारले, "यजमानांचे रिपोर्ट कुठे आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय झालंय डॉक्टर? धडधाकट आहे तो. खाली गाडीत बसलाय." मी खिडकीतून पाहिले. चिरंजीव गाडीत नव्हते. समोरच्या टपरीवर सिगारेट ओढत उभे होते.

तीन वर्षांत त्या मुलाची एकही तपासणी झाली नव्हती. ती केली, तेव्हा शुक्राणूंची संख्या कमी आणि त्यांची हालचाल मंद आढळली. दिवसाला पंधरा सिगारेटी हे त्याचे प्रमाण होते. मूल होण्यात अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने असते, हे वैद्यकशास्त्राने कधीच सांगून ठेवले आहे. तरी फाईल बाईचीच जाड होते.

हिशेब तीन महिन्यांचा

"मूल राहिले की सोडतो" असे अनेक तरुण मला सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण हिशेब चुकतो.

पुरुषाच्या शरीरात एक शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात. तो परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी दीड-दोन आठवडे जातात. म्हणजे आज ज्या शुक्राणूपासून गर्भधारणा होते, त्याची घडण तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते. त्या तीन महिन्यांत ओढलेल्या सिगारेटी त्याच्या वाट्याला आलेल्या असतात. धुरातील विषारी द्रव्यांमुळे शुक्राणूंची संख्या आणि गती घटते, त्यांचा आकार बिघडतो आणि त्यांच्यातील डीएनएलाही इजा होते. डीएनए म्हणजे पित्याने बाळाला द्यायचा वारसा. घर-जमिनीच्या वारशाची कागदपत्रे आपण किती जपतो! या वारशाकडे मात्र आपले लक्ष नसते.

स्त्रीच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक आहे. पुरुषाच्या शरीरात नवे शुक्राणू सतत तयार होत राहतात. स्त्रीची सारी बीजांडे मात्र ती जन्माला येतानाच तिच्याबरोबर आलेली असतात. ती वाढत नाहीत, वयानुसार कमीच होत जातात. तंबाखूच्या धुराने ही घट वेगाने होते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा एक ते चार वर्षे आधी जाते. शिवाय जे बीजांड बाहेर पडायचे असते, त्याची अखेरची वाढही सुमारे पंचाऐंशी दिवस चालते. तिथेही हिशेब जवळजवळ तीन महिन्यांचाच येतो. बीजांडाभोवतीच्या द्रवामध्ये निकोटिनपासून बनणारे कोटिनिन आढळले आहे. म्हणजे तंबाखू केवळ फुप्फुसात थांबत नाही, ती बीजापर्यंत पोहोचते. टेस्ट ट्यूब बेबीसाठी येणाऱ्या स्त्रियांमध्येही धूम्रपान करणाऱ्यांना यशासाठी जवळपास दुप्पट प्रयत्न करावे लागतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक मुलींना तोवर पत्ताही नसतो. दिवस गेल्याचे कळल्यावर सोडू असे म्हणणारा माणूस हा महत्त्वाचा काळ उलटून गेल्यावर जागा होतो. फॉलिक अॅसिडची गोळी आम्ही गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतो, त्यामागचे कारणही हेच.

आपल्या पूर्वजांनी सोळा संस्कारांतील पहिला संस्कार गर्भाधानाचा मानला. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी सांगितल्या. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेरणीच्या दिवशी कोणी नांगरट करत नाही. मशागत आधी होते. बियाणेही आधी निवडून ठेवावे लागते.

माजघरातील तंबाखू

येथे बसलेल्या भगिनींच्या मनात आले असेल, आमच्यापैकी कोण सिगारेट ओढते? खरे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारांहून कमी होते. पण त्याच सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे चोवीसांहून अधिक निघाले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सोळा-सतरा होते. ही तंबाखू टपरीवर दिसत नाही. ती माजघरात, कोनाड्यातल्या डबीत असते. तिचे नाव मशेरी.

तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, कुटून चाळलेली ही तंबाखू आपल्या कितीतरी आया-आज्यांनी दातांना लावली. दाढ दुखते म्हणून लावली, पोट साफ होत नाही म्हणून लावली आणि मग सुटली नाही. नव्या सुनेचे डोके दुखले की तिलाही प्रेमाने चिमूटभर दिली. "घरचीच आहे, जुनी आहे, तिने काय होतंय?" असे म्हटले जाते. ती जुनीही नाही आणि आपलीही नाही. तंबाखूचे झाड मूळचे अमेरिकेतले; पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्याकडे आले. चरक-सुश्रुतांना ते ठाऊकही नव्हते. परंपरेच्या नावाखाली तिला देव्हाऱ्याशेजारी जागा देण्याचे काहीच कारण नाही.

मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही प्रामुख्याने मशेरी वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. ज्या बाळाचे वजन मुळातच अडीच किलोच्या काठावर असते, त्याच्यासाठी शंभर ग्रॅम म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

आणि स्वतः न ओढणाऱ्या घरातल्या बाईचे काय? पती बाल्कनीत ओढतो, पण धूर दारापाशी थांबत नाही. मशेरी भाजतानाचा धूरही तिच्याच श्वासात जातो. श्वासातून गेलेला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. गर्भाला प्राणवायू मिळतो तो याच रक्तातून.

माझी कबुली

मी हे सारे तुम्हाला सांगतो आहे, म्हणून माझी गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. निवासी डॉक्टर असताना मी स्वतः सिगारेट ओढत असे. रात्रपाळ्या, जागरणे ही निमित्ते होती. लग्नानंतरही ती सुटली नाही. सकाळी वॉर्डात मी बायकांना विचारी, "घरात कोणी ओढते का?" आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतः ओढी.

माझ्या पत्नीचा पहिला गर्भ नवव्या आठवड्यात गेला. सुरुवातीच्या काळातील निम्म्याहून अधिक गर्भपात गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. ते कोणाच्या हातात नसते, हे मला माहीत होते आणि मी ते तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्या सिगारेटचा काही संबंध नसेल ना?" शास्त्राला स्मरून मला "होय" म्हणता येत नव्हते. पण शास्त्राला स्मरून "नाही"ही म्हणता येईना. ते "नाही" मला आजही म्हणता येत नाही. त्यानंतर मी दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सुटली ती कायमची.

सोडायची कशी?

तेव्हा ज्यांनी प्रयत्न करून पाहिला आणि जमले नाही, त्यांना मी दुबळे म्हणणार नाही. निकोटिनची पकड शरीराची असते, केवळ चारित्र्याची नसते. काही साध्या गोष्टी सांगतो.

पंचांग पाहून मुहूर्त काढतो तशी एक तारीख ठरवा आणि ती घरात सर्वांना सांगा. अपत्याचा विचार करण्याआधी किमान तीन महिन्यांची ती असावी. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही; घरच्यांनी ते समजून घ्यावे. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्या, चार पावले चाला, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका. सुपारी मात्र नको. तीही कर्करोग घडवते. चहाबरोबर सिगारेट असेल तर काही दिवस चहाची जागा आणि वेळ बदला. ई-सिगारेट ही पळवाट नव्हे. २०१९ पासून आपल्या देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे.

एवढ्याने जमले नाही तर मदत घेण्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. निकोटिनचे च्युइंगम आणि गोळ्याही उपलब्ध आहेत. परंतु मूल होण्याचा विचार असलेल्या भगिनींनी ही औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

ज्यांना दिवस गेलेले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. गर्भारपणाच्या सुरुवातीला तंबाखू सोडणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन न ओढणाऱ्या मातांच्या बाळांइतकेच भरू शकते. सोडण्याची वेळ केव्हाही गेलेली नसते. ती आधी साधली तर उत्तम, एवढेच.

एक विनंती मात्र हात जोडून करतो. माझ्या या भाषणाचा उपयोग एखाद्या सुनेला बोल लावण्यासाठी करू नका. तंबाखू सोडली की मूल होतेच असे नाही, आणि मूल झाले नाही तर दोष तिचाच असतो असेही नाही. संकल्प सोडताना पती-पत्नी शेजारी बसतात, हाताला हात लावतात. हा संकल्पही तसाच व्हावा. पतीने सिगारेट सोडावी, सासूबाईंनी मशेरीची डबी बाहेर काढावी, मग सुनेला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

त्या फाईलवाल्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिच्या नवऱ्याने सिगारेट सोडली. चार महिन्यांनी त्याचा रिपोर्ट सुधारला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या घरी कन्यारत्न आले. केवळ सिगारेट सोडल्यामुळे आले, असे मी म्हणणार नाही. पण बारशाला गेलो तेव्हा सासूबाई माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, नात अंगावर घ्यायची म्हणून मीही मशेरी सोडली."

घरातली एक डबी अशी रिकामी झाली. आज इथून जाताना प्रत्येकाने आपापल्या घरातली डबी आठवावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.