रिमोटचा ट्रक बंद पडतो तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी व पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पार्किंगमागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी हल्ली क्रिकेटच्या जोडीला रिमोटचे ट्रक धावू लागले आहेत. काही आजोबांना त्यांचा आवाज आवडत नाही, ते आपण कमिटीवर सोडू. मी बोलणार आहे ते ट्रक बंद पडल्यावर काय करायचं याबद्दल.

जत्रेतली गाडी आणि हा हॉबीचा ट्रक यात मोठा फरक आहे. हॉबीच्या ट्रकचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा होतो आणि सुटा विकत मिळतो. म्हणजे तो दुरुस्त होण्यासाठीच बनवलेला असतो. पण घरोघरी होतं काय, गाडी थांबली की आई म्हणते, "ठेव माळ्यावर," आणि चिरंजीव म्हणतात, "बाबा, नवी मोटर मागवा." दोघांनाही माझं सांगणं आहे, जरा थांबा. आधी कुठे अडलंय ते शोधा. महागडा भाग क्वचितच गेलेला असतो. बहुतेक वेळा एखादी पिन, एखादा जोड, नाहीतर नुसतं सेटिंग असतं.

आत काय काय असतं? बॅटरी, स्पीड कंट्रोलर म्हणजे तुमचा 'ईएससी', मोटर, रिमोटचा संदेश ऐकणारा रिसीव्हर आणि पुढची चाकं वळवणारा सर्व्हो. यातला ईएससी दोन कामं करतो. मोटरला हवी तेवढी वीज देतो, आणि बॅटरीच्या साधारण साडेसात व्होल्टमधून पाच-सहा व्होल्ट काढून रिसीव्हरला आणि सर्व्होला पुरवतो. हे दुसरं काम लक्षात ठेवा, कारण निम्मा तपास त्यावर होतो.

समजा चाकं डावी-उजवीकडे वळतात, पण गाडी पुढे जात नाही. याचा अर्थ बॅटरीत जीव आहे, रिमोट आणि रिसीव्हर बोलतायत, ईएससी रिसीव्हरला वीज देतोय. एवढं सगळं संशयातून सुटलं. उरले मोटर, तिच्या वायरी, ईएससीचा मोटरकडचा भाग आणि थ्रॉटलचा चॅनेल. आता गाडी डब्यावर अशी ठेवा की टायर अधांतरी राहतील. बॅटरी बंद करून रिसीव्हरवरच्या दोन पिना आपसांत बदला: सर्व्होची थ्रॉटलच्या जागी, ईएससीची स्टिअरिंगच्या जागी. परत चालू करा. ट्रिगर दाबल्यावर पुढची चाकं वळली तर थ्रॉटलचा चॅनेल ठीक आहे. आणि रिमोटचं चाक फिरवूनही मोटर हलली नाही, तर गडबड ईएससीत, मोटरमध्ये किंवा त्यांच्यामधल्या वायरीत. पैसा खर्च न करता निम्मा ट्रक तपासून झाला. फक्त पिन उलटी लावू नका. काळी किंवा तपकिरी वायर ऋण, मधली लाल धन, आणि तिसरी पांढरी किंवा केशरी ती संदेशाची.

मोटर दोन वायरींची, म्हणजे ब्रशवाली असेल, तर ती ईएससीपासून सोडवून चार पेन्सिल सेलच्या होल्डरला लावून बघा. हळू का होईना, फिरायला हवी. तीन वायरींच्या ब्रशलेस मोटरला हा प्रयोग चालत नाही. ती जागच्या जागी थरथरत असेल तर तिन्ही वायरी हलवून बघा, बहुधा एक सैल असते.

सगळ्यात जास्त फसवणारा दोष वेगळाच आहे. सी विंगमधल्या एका मुलाची गाडी हळू चालवली की छान चालायची. ट्रिगर पूर्ण दाबला की क्षणभर धावायची, मग स्टिअरिंगसकट सगळं मेलं, दोन सेकंदांनी पुन्हा जिवंत. नवी मोटर घालून झाली होती, फरक शून्य. मीटर लावला तर बॅटरी भरलेली. पण थांबलेल्या गाडीत मीटर सगळं छानच दाखवतो. नळाची तोटी बंद असताना पाइपात कचरा अडकलाय हे कळतं का? मोटर जोरात ओढत असताना मोजायला हवं. तसं मोजलं, तेव्हा बॅटरीच्या बाजूला आकडा जेमतेम हलला, आणि कनेक्टरच्या पलीकडे, ईएससीच्या बाजूला, तो धाडकन खाली आला. रिसीव्हर उपाशी राहून बंद पडत होता. कनेक्टरचा सोल्डर मळकट, दाणेदार दिसत होता आणि वायर बोटाने हलत होती. जुना सोल्डर काढून नीट मारला, गाडी पळाली. मीटर नसेल तर पाच मिनिटं चालवून, बॅटरी सोडवून कनेक्टरला हात लावा. तो चटका देण्याइतका तापला असेल तर जोड कच्चा. सोल्डरिंग मात्र मोठ्या माणसासमोरच करायचं, आणि बॅटरीच्या दोन वायरी एकाच वेळी उघड्या ठेवायच्या नाहीत.

काही वेळा बिघाड नसतोच. ट्रॅक्सासच्या स्लॅश ट्रकमध्ये येणारा एक्सएल-5 ईएससी घ्या. त्यात तीन प्रोफाइल असतात. एकात गाडी निम्म्याच ताकदीने चालते, ती शिकणाऱ्यांसाठी. दुसऱ्यात रिव्हर्सच नसतो, तो शर्यतीसाठी. धाकट्या भावाने बटण दाबलं की थोरला म्हणतो, "काका, रिव्हर्स गेला!" त्याच ईएससीवरचा दिवा लिथियम बॅटरीसाठी हिरवा हवा. लाल असेल तर बॅटरी प्रमाणाबाहेर उतरण्यापासूनचं संरक्षण बंद आहे.

आता पालकांनी ऐकायचं. या लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, आणि 3 च्या खाली कधीच जाता कामा नये. कपाटात ठेवायची तर 3.8 च्या आसपास. चार्जर बॅलन्सिंगचाच हवा, आणि 5000 एमएएचच्या बॅटरीला 5 अँपियरपर्यंतच. चार्जिंग गादीवर, सोफ्यावर नको, रात्री झोपताना लावून तर अजिबात नको. जिन्यात किंवा दाराजवळ नको, कारण आग लागली तर आपण आणि वरचे सगळे मजले त्याच वाटेने बाहेर पडणार आहेत. मोकळ्या फरशीवर, आसपास कागद-कपडे नसताना, कोणीतरी जागं असताना. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, आणि घंटागाडीत तर टाकायचीच नाही. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती पेटू शकते, आणि त्यावेळी शेजारी उभे असतात ते सफाई कामगार. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही ती वेगळी द्यायची आहे. धूर निघताना दिसला तर ट्रक वाचवायला जाऊ नका. घरातल्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांची दारं ठोका आणि 101 लावा.

पावसात चिखलातून आणलेल्या गाडीची आधी बॅटरी काढा, मग ती पुसा. पिनांवर हिरवट थर दिसला तर जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात मीटर आणि सोल्डरिंग गन घेऊन बसेन. पोरांनो, गाडी आणा, बॅटरी भरून आणा. आणि रिमोट आणा, नेमका तोच तुम्ही घरी विसरता.