उणे 15 अंश, आणि विजेचा खांब नाही



अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मोंटाना नावाचं डोंगराळ राज्य आहे. ऑक्टोबर संपत आला की तिथे एल्क या थोराड हरणाच्या, रायफलने करायच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि तो नोव्हेंबर संपेपर्यंत चालतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे, म्हणून काहींना हा विषय खटकेल. तिथे राज्य सरकार परवाने देतं, आणि एका एल्कचं मांस एखाद्या कुटुंबाला कित्येक महिने पुरतं. मला आज बोलायचं आहे ते शिकारीला आलेल्या या माणसांच्या रात्रीबद्दल. दिवसभर बर्फ तुडवून ती परत येतात एका कॅम्परमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढून आणलेल्या चाकांवरच्या घरात. राष्ट्रीय वनांमध्ये एका जागी साधारण दोन आठवडे असा मुक्काम करू देतात. तिथे वीज नसते, नळ नसतो. पारा रात्री उणे 15च्या खाली सहज जातो, आणि घराच्या भिंती जेमतेम दोन-तीन बोटं जाड.

अशा घरात ऊब कुठून आणायची? पहिला विचार विजेच्या हीटरचा येतो. त्याचा हिशेब आपल्या ओळखीच्या युनिटमध्ये करू. 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची चांगली लिथियम बॅटरी घेतली, तर तिच्यात साधारण सव्वा युनिट वीज मावते. 1500 वॅटचा हीटर ती पाऊण तासात संपवतो. उलट एक किलो प्रोपेन गॅस जाळला की जवळजवळ 13 युनिट उष्णता मिळते. म्हणजे दहा-अकरा किलो वजनाच्या दहा बॅटऱ्यांचं काम एक किलो गॅस करतो. म्हणून उष्णता इंधनातूनच घ्यायची, वीज राखून ठेवायची. थंडीतल्या मुक्कामाचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रोपेन थंडीला भीत नाही. तो उणे 42 अंशांना उकळतो, त्यामुळे उणे 15लाही सिलिंडरमधून वायूच बाहेर येतो. ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच द्रव राहून बसतो. बहुतेक कॅम्परमध्ये प्रोपेनवर चालणारा फर्नेस बसवलेलाच असतो. तो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो, हा त्याचा मोठा गुण. पण गरम हवा घरात फिरवायला त्याला पंखा लागतो, आणि तो पंखा चालू असताना सात-आठ अँपिअर खेचतो, म्हणजे जवळपास 100 वॅट. रात्रीच्या बारा तासांत फर्नेस निम्मा वेळ चालला तरी सहाशे वॅट-तास गेले. दिवे, पाण्याचा पंप, गॅसची घंटा यांचा खर्च वेगळा.

आता जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी डोळ्यांसमोर आणा. तीसुद्धा 100 अँपिअर-तासांची. तिचं आयुष्य राखायचं तर निम्मीच वापरावी लागते, म्हणजे सहाशे वॅट-तास. त्यात थंडीने तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. उणे 18ला तिची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. मग पहाटे तीन-चारच्या सुमाराला काय होतं ते ऐका. पंखा हळू पडतो. फर्नेसमध्ये वाऱ्याने हलणारी एक छोटी पट्टी असते; पुरेसा वारा आला नाही तर ती जागची हलत नाही आणि गॅसची झडप उघडू देत नाही. ही सुरक्षेची सोय योग्यच आहे. पण सिलिंडर भरलेला असतो, आणि घर मात्र गारठत जातं. नवख्या माणसाला वाटतं गॅस संपला. तो कुडकुडत बाहेर जाऊन सिलिंडर बदलतो आणि फर्नेस तरीही पेटत नाही. त्यातून बॅटरी पूर्ण उतरली की तिच्यातलं आम्ल पातळ होतं आणि उणे 10च्या आसपास गोठून बॅटरीचं कवच फुटू शकतं. भरलेली बॅटरी उणे 50लाही गोठत नाही.

मग लिथियम घ्यावी का? घ्यावी, असं माझं मत आहे, पण तिचा एक नियम पाळून. कॅम्परमध्ये वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट या जातीची. हा पदार्थ बॅटरीला चालतो हे टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने नव्वदच्या दशकात दाखवलं, आणि 1997 सालच्या त्यांच्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. पुढे 2019 साली गुडइनफ यांना वयाच्या 97व्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळालं. ही बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत वापरता येते आणि उणे 20पर्यंत वीज देते. मात्र शून्याखाली ती चार्ज करायची नाही. गारठलेल्या अवस्थेत लिथियमचे आयन बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या आत शिरत नाहीत, त्याच्या पृष्ठभागावर धातूचा थर होऊन बसतात. ते नुकसान भरून निघत नाही. चांगल्या बॅटरीतलं नियंत्रक सर्किट अशा वेळी चार्जिंग बंद करतं. पण मग छतावरच्या सौर पॅनेलवर ऊन लख्ख पडलेलं असतं आणि बॅटरीत काहीच जात नाही. उपाय साधा आहे: बॅटरी बाहेरच्या खोक्यात न ठेवता घराच्या आत, पलंगाखाली ठेवायची. फर्नेसची ऊब माणसांबरोबर तिलाही मिळते. स्वतःला गरम करणाऱ्या बॅटऱ्याही हल्ली मिळतात.

सौर पॅनेलबद्दल इथल्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. नोव्हेंबरअखेर मुंबईत दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 50 अंश वर असतो. मोंटानात तो 22-23 अंशांच्या वर जात नाही, आणि दिवस जेमतेम नऊ तासांचा. छतावर आडवं टाकलेलं 200 वॅटचं पॅनेल स्वच्छ दिवशी, माझ्या हिशेबाने, तीनशे वॅट-तासांच्या आसपास देईल. म्हणजे नुसत्या पंख्याची निम्मी गरज. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ उभं केलं तर दुपटीच्या आसपास मिळतं, आणि त्यावर बर्फही टिकत नाही. पाइनच्या झाडांच्या सावलीत मात्र काही खरं नाही.

म्हणून बहुतेकजण छोटा पेट्रोल जनरेटर सोबत ठेवतात. एल्क पहाटे आणि संध्याकाळी फिरतात, म्हणून जनरेटर चालवायचा तो भर दुपारी. लिथियम बॅटरी झटपट भरते. शिशाच्या बॅटरीला मात्र शेवटच्या वीस टक्क्यांसाठीच कित्येक तास लागतात. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे दर 300 मीटरमागे जनरेटरची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, तेही धरून चालायचं.

गेल्या काही वर्षांत डिझेलचे छोटे हीटर लोकप्रिय झाले आहेत. युरोपातल्या ट्रकचालकांच्या केबिनमध्ये ते फार पूर्वीपासून आहेत. पेटताना काही मिनिटं ते भरपूर वीज घेतात, मग वीस-तीस वॅटवर रात्रभर चालतात. दोन किलोवॅटचा हीटर ताशी पाव लिटरपेक्षा जास्त डिझेल पीत नाही. विजेचा हिशेब पाहता मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

विजेशिवाय चालणारा प्रोपेन हीटरही मिळतो, स्वस्तात. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण माणसं दगावतात ती इथे. हा हीटर घरातलाच प्राणवायू वापरतो आणि जळलेला वायू घरातच सोडतो. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. ती खिडक्यांवर, गादीखाली, कपाटात दवासारखी साचते आणि पहाटे गोठते; दोन रात्रींत गादी ओली. त्याहून वाईट म्हणजे हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, थकवा येतो. दिवसभर डोंगर चढलेल्या माणसाला यात वेगळं काही जाणवतच नाही, आणि तो झोपतो. अशा हीटरमध्ये प्राणवायू घटला की आग बंद करणारा सेन्सर असतो, पण सुमारे 2100 मीटरच्या वर तो विनाकारणही हीटर बंद पाडू शकतो, आणि कोलोरॅडो या दुसऱ्या डोंगराळ राज्यातले कितीतरी तळ त्याहून उंच आहेत. म्हणून झोपण्यापूर्वी तो बंद करायचा. चालू असेल तेव्हा छतावरची झडप आणि एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, ऊब थोडी गेली तरी चालेल. कार्बन मोनॉक्साइडची घंटा उशाजवळ हवीच, तिचा सेल तपासलेला हवा, आणि जनरेटर खिडकीपासून लांब हवा.

पाण्याचं म्हणाल, तर अनुभवी मंडळी नळ्या आणि टाक्या घरूनच रिकाम्या करून निघतात आणि पिण्याचं पाणी कॅनमधून आणून आत ठेवतात. कारण नळ्या गोठू नयेत म्हणून फर्नेस चालवायचा, तर पुन्हा पंखा आणि पुन्हा बॅटरी.

आपल्यापैकी काहीजण हिवाळ्यात लडाखला गाडी घेऊन जातात. त्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो, म्हणून लेहच्या जानेवारीत शेगडीची ज्योत मंदावते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तेव्हा प्राणवायूचा सेन्सर असलेला हीटर तिथे धड चालेल याचा भरवसा नाही. आणि साधं डिझेल कडक थंडीत मेण धरून फिल्टर तुंबवतं. इंडियन ऑइलने 2019च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं. मैदानातून टाकी काठोकाठ भरून निघालात, तर हे डिझेल घ्यायला टाकीत जागा उरत नाही. म्हणून वर पोचेपर्यंत टाकी रिकामी होत आलेली असेल, असं भरत जा आणि हीटरसाठीचं डिझेलही तिथेच घ्या.