शीर्षचित्राची चौकट आणि चौकटीबाहेरची माणसे

(भडगाव येथे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गावातील विकासकामांचे वृत्त आता छापील अंकाप्रमाणेच मोबाईलवरील वाचन-ॲपमधूनही वाचले जाते. वृत्ताच्या माथ्यावर जे छायाचित्र झळकते, त्यास आपण शीर्षचित्र म्हणू. मजकुराआधी वाचकाची दृष्टी त्याच्यावरच पडते. म्हणूनच त्याची काटछाट जबाबदारीने व्हावयास हवी.

काही वर्षांपूर्वी गिरणाकाठच्या एका गावातील नाला खोलीकरणाचे वृत्त मी तयार केले होते. छायाचित्रात मध्यभागी पाहुणे होते आणि दोन्ही कडांना, ज्यांनी माती उपसली त्या भगिनी उभ्या होत्या. मोबाईलवर मात्र फक्त पाहुणे आणि त्यांच्या गळ्यातील हार एवढेच उरले. एका भगिनीने मला विचारले, की फोटो काढताना आम्ही होतो, मग मोबाईलमध्ये कुठे गेलो? चूक माझीच होती.

असे का होते, ते पाहू. आडव्या चित्राचे प्रमाण अनेकदा १६:९ असते. ॲपमधील चौकट चौरस असेल, तर रुंदीच्या १६ भागांपैकी ९ च भाग दिसतात. यंत्र सामान्यतः मधला भाग राखते. म्हणजे प्रत्येक बाजूचे साडेतीन भाग कापले जातात. याउलट ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ च्या चौकटीत भरले, तर उंचीचा एकचतुर्थांश भाग जातो आणि मागच्या रांगेतील चेहरे कपाळापासून तुटतात.

मग यंत्रालाच महत्त्वाचा भाग निवडू द्यावा काय? त्या वेळी ट्विटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने २०१८ पासून तसे केले. कृष्णवर्णीयांपेक्षा गौरवर्णीयांचे चेहरे अधिक निवडले जातात, अशी तक्रार २०२० मध्ये झाली. कंपनीच्या स्वतःच्या तपासणीतही असा कल आढळला आणि २०२१ मध्ये चित्र कसे कापावे, हा निर्णय तिने पुन्हा माणसांकडे सोपविला.

आपल्या शेजारच्या चाळीसगावी कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर वस्तू मांडून देखाव्यांची छायाचित्रे घेतली. चौकटीत काय असावे, हे तेथे आधी ठरे आणि मग कॅमेरा चाले. हीच शिस्त आपणही बाळगू शकतो.

त्यासाठी पुढील गोष्टी अगत्याच्या आहेत. छायाचित्र घेताना चारही बाजूंना मोकळी जागा ठेवावी. कष्ट करणारे हात आणि झालेले काम मध्यभागी घ्यावे. ॲपमध्ये केंद्रबिंदू निवडण्याची सोय असल्यास तो स्वतः ठरवावा. नकाशा, कामाचा फलक किंवा मोठा समूह असल्यास चौकट भरण्याचा हट्ट सोडून, कडेला रिकामी पट्टी राहिली तरी चालेल, पण पूर्ण चित्र बसवावे. चित्रावर बोट ठेवताच मूळ छायाचित्र अखंड उघडेल, अशी व्यवस्था असावी.

मथळा चित्रातच रंगवू नये. वरची कड कापली गेली, की आपल्या देवनागरीतील वेलांट्या, मात्रा आणि रफार प्रथम जातात. 'वर्ष' चे 'वष' होते. मथळा चित्राखाली स्वतंत्र अक्षरांत असावा.

चित्र उमटण्यापूर्वीच त्याची जागा राखून ठेवावी, नाही तर वाचता वाचता मजकूर खाली सरकतो. सर्वसाधारण फोनसाठी सुमारे १०८० बिंदू रुंदी पुरेशी होते. त्याहून जड चित्र दुर्बळ नेटवर्कच्या गावात उघडण्यास विलंब लागतो. तसेच प्रत्येक चित्राला एका वाक्याचे वर्णन जोडावे. दृष्टिहीन वाचकाचा फोन तेच वाचून दाखवितो.

शेवटी, प्रसिद्धीपूर्वी ते वृत्त एकदा साध्या मोबाईलवर, फोन उभा धरून पाहावे आणि मूळ छायाचित्रातील माणसे मोजावीत. कोणी कमी भरले, तर चौकट बदलावी. त्या नाल्याचे शीर्षचित्र मी नंतर बदलले. आता त्यात पाहुणे थोडे लहान दिसतात. पण माती उपसणाऱ्या सर्व भगिनी दिसतात.