घामाला छप्पर हवे



या देशात आलो तेव्हा आम्हां डॉक्टरांना इस्पितळाच्या आवारातच खोली मिळे. सहा महिन्यांची नोकरी संपली की खोलीही सुटे. घर मालकाच्या हाती असले की तोंड उघडत नाही, हे आम्ही तेव्हा अनुभवले.

माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढण्याचा कलंक पुसणारा हा निर्णय होय. परंतु निवाऱ्याचे काय? २००३ पासून ते पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असल्याने बांधकामावर निर्बंध आहेत. जागा थोडी, त्यातही पर्यटकाचे भाडे अधिक. मग कष्टकऱ्याने दाटीवाटीत राहावे, नाहीतर पायथ्याहून डोंगर चढावा. दाटीत क्षय पसरतो. चढणीत दिवस आणि देह झिजतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्यात घरबांधणीही होती. उद्योगाने निवाऱ्याचा भार उचलावा, हे तत्त्व हॉटेल व्यवसायालाही लागू व्हावे. मात्र ते घर नोकरीच्या दावणीला बांधलेले नसावे.

सुटीत तेथे जाल तेव्हा सामान वाहणाऱ्यास एवढेच विचारा : आपण राहता कोठे?

जयभीम!